पान नंबर सांगा

या महिन्याच्या पत्रांत विकिपीडियाच्या भांडणांचीच पत्रं जास्त निघाली. मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की परभणीच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली आणि आता मराठी विकिपीडियावर लिहिते. त्याचा हा परिणाम. आमच्या वाचनालयात दोन प्राध्यापक तावातावानं भांडायला लागले की मी काउंटरवरूनच म्हणायची, "सर, पान नंबर सांगा." निम्मी भांडणं तिथंच मिटायची. उरलेली निम्मी चहावर जायची. विकिपीडियावर चहा नाही, एवढाच फरक.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शासनाने आमच्या जिल्ह्याचे नाव धाराशिव केले, तरी मराठी विकिपीडियावर ठिकठिकाणी जुनेच नाव दिसते. दिवाळीच्या सुट्टीत बसून मी चाळीसेक पानांवर 'उस्मानाबाद'चे 'धाराशिव' आणि 'औरंगाबाद'चे 'छत्रपती संभाजीनगर' केले. एक सदस्य माझे सगळे बदल उलटवायलाय. मी परत करायलोय, तो परत उलटवायलाय. तिसऱ्या रात्री एका पानाला कुलूप लागले आणि ताकीद मलाच आली. सरकार माझ्या बाजूने असताना ताकीद मला का? (एक शिक्षक, कळंब)

सर, तुम्ही सदस्यनाव कळवलंत म्हणून तुमचे बदल एकेक उघडून पाहिले. दोन संध्याकाळी गेल्या. साधारण निम्मे बदल बरोबर आहेत. हे आधी सांगते, कारण पुढचं जरा कडू आहे.

तुम्ही मजकूर उचलून दुसरीकडं नेला, 'शोधा आणि बदला' केलं आणि परत आणून चिकटवला. यंत्राला काय कळतंय! एका किल्ल्याच्या पानावर चित्राच्या फाइलच्या नावात 'उस्मानाबाद' होतं, तेही बदललं गेलं. त्या नव्या नावाची फाइल कुठंच नाही, त्यामुळं बुरुजाच्या जागी लाल अक्षरं आली. दुसऱ्या पानावर बिहारमधल्या जिल्ह्यांची यादी होती. बिहारातही औरंगाबाद जिल्हा आहे, तुम्ही त्यालाही छत्रपती संभाजीनगर करून टाकलंत. तिसरीकडं तळटिपेत १८८४ सालच्या औरंगाबाद गॅझेटियरचा उल्लेख होता. ते छापलेल्या पुस्तकाचं नाव आहे हो. उद्या कुणी ते तुमच्या नव्या नावानं ग्रंथालयात मागितलं तर माझ्यासारखीनं कुठल्या कपाटात शोधायचं?

आता नावाचं. शहरांच्या नामांतराला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली, जिल्ह्यांची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली आणि मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. म्हणजे आजच्या जिल्ह्याबद्दल लिहिताना 'धाराशिव' लिहायचं, यात तुमची बाजू कागदावर पक्की आहे. पण १९४८ सालच्या प्रसंगाबद्दल लिहिताना त्या वेळच्या कागदावर जे नाव होतं ते ठेवायचं, हवं तर पुढं 'आताचे धाराशिव' म्हणायचं. माझ्या १९८३ च्या बी.लिब.च्या प्रमाणपत्रावर 'मराठवाडा विद्यापीठ' एवढंच छापलंय. १९९४ चा नामविस्तार झाला, आनंदच आहे, म्हणून मी ते प्रमाणपत्र खोडून नवं नाव लिहीन का?

ताकीद तुम्हाला का आली, हे त्या पानाच्या 'इतिहास' टॅबमध्ये उघड दिसतंय. त्या सदस्यानं पहिल्यांदा उलटवलं तेव्हा सारांशात, म्हणजे बदल जतन करताना कारण लिहायच्या ओळीत, दोनच शब्द लिहिले होते : 'चित्र तुटले'. ते तुम्ही वाचले नाहीत. उत्तरादाखल तुमच्या सारांशात काय आहे? 'निजामाचे हस्तक मराठवाड्याचा इतिहास पुसायलेत.' सर, माझ्या माहेरी सेलूकडं रझाकारांच्या आठवणी सांगताना आजी आवाज खाली घ्यायची. ते शब्द चित्र जोडणाऱ्या माणसावर खर्चायचे नसतात. शिवाय सारांश ही एकदा लिहिली की स्वतःला खोडता न येणारी गोष्ट आहे. वर्गातला फळा नव्हे तो.

इंग्रजी विकिपीडियावर आकडाच ठरलाय : चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलंत तर बंदी येऊ शकते, मग तुमचं म्हणणं खरं असो की खोटं. मराठीत माणसं थोडी आणि प्रचालक, म्हणजे पानांना कुलूप लावू शकणारे सदस्य, त्याहून थोडे, पण रीत तीच. कुलूप लागतं ते पान त्या क्षणी ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत. त्यामुळं दोघांपैकी एकाला नेहमी वाटतं की प्रचालक फितूर आहे. कुलूप म्हणजे निकाल नव्हे, दोघांना चर्चापानावर ढकलायची ती युक्ती आहे.

तेव्हा असं करा. त्या पानाच्या चर्चापानावर आधी चार ओळींत माफी मागा, 'पण'शिवाय. मग लिहा : 'जिल्ह्याचे नाव सप्टेंबर २०२३ च्या अधिसूचनेने बदलले आहे. पहिल्या ओळीत धाराशिव आणि लगेच पूर्वीचे नाव, इतिहासाच्या भागात त्या-त्या काळचे नाव, पुस्तकांची व फाइलींची नावे आहेत तशी, असे करावे असे सुचवतो. हरकत असल्यास आठवड्याभरात सांगावी.' खाली सही, म्हणजे चार नागमोडी रेघा (~~~~). आठ दिवसांत कुणी बोललं नाही तर एकेक पान हातानं बदला. बोललं आणि पटलं नाही तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर न्या, तिथं तिसरी माणसं येतात. मी पाहिलं, तो सदस्य धाराशिवच्या विरोधात नाहीच आहे. गेल्या वर्षी त्यानंच स्वतः दोन पानांवर नवं नाव घातलंय.

प्रश्न : आदरणीय बाई, माझे आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्यामुळे त्यांना वसतिगृहातून काढले होते. मी विकिपीडियावर त्यांच्याविषयी लिहिले आणि तीन फोटो चढवले : एक १९३९ चा नागपूरच्या स्टुडिओतला, एक १९७२ चा ताम्रपट हातात घेतलेला आणि एक १९८८ च्या वर्तमानपत्रातला. तिन्ही काढून टाकायची नोटीस आली आहे. आमच्याच आजोबांचे फोटो आमचे कसे नाहीत? घरात सगळे चिडलेत. (क., अंबाजोगाई)

बाळ, चिडणं बरोबर आहे, पण चूक तुझ्या एका टिचकीत झाली. चढवताना 'हे माझे स्वतःचे काम आहे' या चौकटीत खूण केलीस ना? १९३९ साली तू नव्हतीस, तुझी आईसुद्धा नव्हती. तपासणाऱ्याला आजोबा माहीत नाहीत. त्याला दिसतं ते एवढंच की जुना फोटो आहे आणि चढवणारी म्हणतेय मी काढला.

हसू नकोस, मीही हेच केलंय. २०१२ साली नळदुर्गला गेलो होतो, धरणावरून पाणी पडत होतं. कॅमेरा माझा, सेल माझे, गाडीचं पेट्रोल माझं. पण पायऱ्या उतरायला मला भीती वाटली म्हणून भाच्याला पाठवलं. फोटो मी 'स्वतःचे काम' म्हणून चढवला. भाच्यानं तोच फोटो स्वतःच्या नावानं आधीच कुठंतरी टाकला होता. माझा उडाला, आणि उडायलाच हवा होता. हक्क बटण दाबणाऱ्याचा असतो, कॅमेऱ्याच्या मालकिणीचा नाही. फोटोत जो दिसतो त्याचा तर नाहीच.

आता तुझे तीन फोटो. तिघांचं नशीब वेगळं आहे.

नागपूरचा फोटो वाचेल. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्याआधी काढलेल्या फोटोंची मुदत जुन्या कायद्यानं, काढल्यापासून पन्नास वर्षं अशी मोजली जाते. १९३९ चा फोटो म्हणजे १९८९ संपताना मोकळा झाला. कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाची चित्रं जिथं राहतात ते कोठार, अमेरिकेतल्या संगणकांवर आहे. म्हणून तिथं फोटो भारतात आणि अमेरिकेत, दोन्हीकडं मोकळा लागतो. अमेरिकेच्या हिशेबात १ जानेवारी १९९६ ही तारीख महत्त्वाची आहे : त्या दिवशी भारतात मोकळा असलेला असा जुना फोटो तिकडंही मोकळा धरतात. तुझ्या फोटोला सहा वर्षं हाताशी आहेत. पण १९३९ हे कशावरून? तू पत्राबरोबर पाठवलेली प्रत व्हॉट्सॲपवरून आलेली दिसते, अंगठ्याएवढी. मूळ फोटो काकांकडून घे आणि दोन्ही बाजू चांगल्या स्कॅन कर. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का आणि शाईनं लिहिलेली तारीख आहे असं तू लिहिलंस, तोच तुझा पुरावा. चढवताना छायाचित्रकाराच्या जागी स्टुडिओचं नाव, स्रोत म्हणून 'कुटुंबाचा संग्रह', आणि परवान्याच्या जागी '१९५८ पूर्वीचे भारतीय छायाचित्र' हा साचा, म्हणजे तिथली तयार मजकुराची चौकट.

ताम्रपटाचा फोटो १९७२ चा, म्हणजे मुदत संपलेली नाही. पण इथं आपल्या कायद्यात एक गंमत आहे, ती फार जणांना ठाऊक नसते. कलम १७ म्हणतं की कुणी पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. तुझी आजी सांगते की दिल्लीचा ताम्रपट घरी आल्यावर आजोबा मुद्दाम नवा कोट घालून स्टुडिओत गेले आणि पैसे मोजून तीन प्रती काढल्या. मग हक्क आजोबांचा, आणि त्यांच्यामागं वारसांचा. वारस म्हणजे तू एकटी नव्हेस. आजी, वडील, दोन्ही काका, आत्या, सगळ्यांची संमती घे. आत्याला विचारायचं विसरू नकोस, आपल्याकडं ते हमखास विसरतात. मग कॉमन्सच्या स्वयंसेवकांच्या परवानगी-पत्त्यावर मेल करायचा : फोटो कोणता, मालकी कशी आली, कोणत्या परवान्याखाली देतोय. त्यांचं उत्तर यायला वेळ लागतो. तोवर फाइल काढली गेली तरी रडू नकोस. काढलेली फाइल जाळत नाहीत, प्रचालकाला ती परत आणता येते.

तिसरा, वर्तमानपत्रातला, सोडून दे. तो त्या छायाचित्रकाराचा आणि वर्तमानपत्राचा. कात्रण तुझ्या घरच्या पेटीत पन्नास वर्षं राहिलं तरी हक्क त्याच्याबरोबर येत नाही. मात्र फेकू नकोस. बातमीची तारीख आणि पान लेखात संदर्भ म्हणून चालतं, आणि तुझ्या लेखाला संदर्भांचीच वानवा आहे. 'आजी सांगते' ही माझ्यासाठी पुरेशी गोष्ट आहे, विकिपीडियाला ती छापलेली लागते. वंदे मातरम् चळवळीतल्या कित्येक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठानं जागा दिली, पी. व्ही. नरसिंह रावही त्याच लाटेत तिकडं गेले. या विषयावर पुस्तकं आहेत. त्यांच्या मागच्या नामसूचीत आजोबा सापडतात का बघ.

नोटिशीला उत्तर तिथंच, त्या चर्चेतच दे. साधारण सात दिवस चर्चा उघडी असते. 'स्वतःचे काम ही माझी चूक, दुरुस्त करते' या एका ओळीनं निम्मं काम होतं.

प्रश्न : आमच्या चौकातल्या पुतळ्याचा मी काढलेला फोटो कॉमन्सवाल्यांनी ठेवला आणि त्याच चौकातल्या भिंतीवरच्या चित्राचा फोटो तिथून उडवला. दोन्ही मीच काढले. हा काय न्याय? (औसा)

न्याय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ चा. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पाचा किंवा इमारतीचा फोटो काढून छापायला आपल्याकडं मुभा आहे, भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ती सवलत दिलेली नाही. तिथं चित्रकाराची परवानगी लागते. आणि विचारायच्या आधीच सांगते, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्सही नाही. तो कायमचा नसतो, जरी आपल्या गावांत तसं वाटत असलं तरी.

प्रश्न : माझे चार कवितासंग्रह आहेत. माझ्यावरचे पान मीच लिहिले होते, ते उडवले. (कवी, जालना)

बरं झालं. दुसऱ्या कुणाला तरी लिहू द्या.

प्रश्न : मॅडम, मी जायकवाडी धरणावर मोठा लेख लिहिला. मजकूर मराठी विश्वकोश आणि जिल्ह्याच्या गॅझेटियरमधून घेतला, दोन्ही सरकारी. गॅझेट तर कुणीही छापू शकतो असे वकील मित्राने सांगितले. तरी 'प्रताधिकारभंग' (कॉपीराइटचा भंग) म्हणून लेख कोरा केला. सरकारी म्हणजे जनतेचे नाही का? (अभियंता, पैठण)

वकील मित्र बरोबर बोलले, तुम्ही चुकीचं ऐकलंत. गॅझेट म्हणजे राजपत्र. त्यात छापून आलेली अधिसूचना, तसाच न्यायालयाचा निकाल, हे उतरवून छापायला कायद्याची मुभा आहे. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा जाडजूड ग्रंथ, त्याला ती मुभा नाही. आरक्षणाच्या चर्चेमुळं 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द हल्ली टपरीवरही ऐकू येतो आणि बोलणाऱ्याच्या मनात असतो गॅझेटियर, त्यामुळं घोळ वाढलाय. सरकारी ग्रंथाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. १८८४ चं गॅझेटियर खुशाल उतरवा. विश्वकोशाचा तर पहिला खंडच १९७६ चा, हिशेब तुम्ही करा.

मात्र माहितीवर कुणाचा हक्क नसतो, शब्दांवर असतो. पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते, दरवाजे सत्तावीस. हे आकडे कुणाच्या बापाचे नाहीत. तुम्ही मात्र काय केलंत, 'सुपीक'चं 'कसदार' आणि 'विस्तीर्ण'चं 'विशाल' केलंत, वाक्य तेच. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. माझे विद्यार्थी प्रकल्पात हेच करायचे आणि त्यांना वाटायचं बाईंना कळत नाही.

माझी रीत सांगते. दोन-तीन पुस्तकं वाचा, मिटा, उठून चहा घ्या. मग धरणावर पाहुण्यांना नेल्यावर ज्या क्रमानं सांगाल त्या क्रमानं लिहा. शेवटी पुस्तकं उघडून फक्त आकडे ताडून पाहा आणि प्रत्येक आकड्याला पान नंबर द्या. तुम्ही अभियंता आहात, दरवाजे कसे चालतात हे विश्वकोशापेक्षा तुम्हीच नीट सांगाल. अर्थात त्यालाही छापील आधार लागेलच. प्रचालकावर चिडू नका, प्रताधिकाराच्या बाबतीत त्याला मुरवत ठेवताच येत नाही.

प्रश्न : परांडा किल्ल्यातल्या तोफेचा माझा फोटो मी कॉमन्सवर दिला होता. तो एका दिवाळी अंकाने न विचारता पूर्ण पान छापला, नाव नाही, मानधन नाही. मी आता फोटो काढून घ्यावा म्हणतो. कोर्टातही जाईन. (छायाचित्रकार, बार्शी रोड, भूम)

काढून घेता येणार नाही. तुम्ही सीसी बाय-एसए ४.० परवाना दिलात, म्हणजे नाव देऊन आणि त्याच परवान्याखाली ठेवून कुणीही वापरावं असा. तो एकदा दिला की परत घेता येत नाही. न विचारता छापायची आणि त्यावर पैसे कमवायचीही मुभा तुम्हीच दिलीत. मानधनाचा विषय तिथं संपला. पण नाव न छापायची मुभा कुणी दिली? ती नाही. नाव आणि परवाना न दिल्यामुळं त्यांचा छापायचा हक्कच आपोआप संपलाय. चूक ध्यानात आल्यापासून तीस दिवसांत ती दुरुस्त केली तर तो परत मिळतो, असं परवान्यातच लिहिलंय. म्हणून कोर्टाआधी एक पत्र, आणि तेही वकिलाचं नको, तुमचंच :

'आपल्या दिवाळी अंकात छापलेले परांडा किल्ल्यातील तोफेचे छायाचित्र माझे आहे. ते सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली आहे, त्यात छायाचित्रकाराचे नाव व परवान्याचा उल्लेख बंधनकारक आहे. पुढील अंकात तसा खुलासा छापावा आणि अंकाच्या ऑनलाइन प्रतीत फोटोखाली नाव घालावे. तीस दिवस वाट पाहतो.'

बहुतेक संपादक एवढ्यावर वळतात. त्यांच्याकडं कुणीतरी पोरगा गुगलवरून फोटो उतरवतो आणि संपादकाला पत्ताही नसतो. पोहोचपावतीसह टपालानं पाठवा.

पत्रात तुम्ही अंकाचं नाव दिलंत, पान दिलं नाहीत. मी अंक मागवून पाहिला, सत्तेचाळीसावं पान आहे. कॉमन्सवरच्या तुमच्या मूळ फोटोशी ताडून पाहिलं तर त्यांनी जाहिरातीची पट्टी बसवायला तोफेचं तोंडच कापलंय. बदल केला तर तसं सांगणंही परवान्यात आहे. पत्रात तेवढी ओळ वाढवा.